घरगुती पाळणाघर: वेळ किती ठेवायची आणि फी किती घ्यायची

तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तुगंच करते, चालेल ना. तुझा प्रश्न असा की डोंबिवली पूर्वेला स्वतःचा टू बीएचके आहे, मुलगी साडेतीन वर्षांची, नोकरी सोडलीयेस, सासूबाई घरात आहेत आणि मदतीला तयार आहेत, शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू दिवसभराचे महिना पाच हजार घेतात तर आपण चार हजारांत सुरू करावं का, आणि वेळ सकाळी सात ते रात्री नऊ ठेवली तर जास्त मुलं येतील का. माझ्या मते दोन्हीचं उत्तर नाही. का ते सविस्तर सांगते, बरीच वर्षं हेच करतेय, याच गावात, माझ्याकडे दुपारी झोपणारी पोरं आता इंजिनिअरिंगला आहेत.

सगळ्यात आधी म्हणजे फीपासून सुरुवात करायचीच नाही. आधी वेळ, मग मुलं किती, मग खर्च, आणि फी सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी उलटं करतात, आसपासचा रेट विचारतात, त्यातून पाचशे-हजार कमी करतात आणि मग त्या पैशात बसवायला बघतात, आणि सहा महिन्यांत दमून बंद करतात. तोपर्यंत चार घरांनी त्यांच्यावर भरवसा टाकलेला असतो, त्यांचीही पंचाईत.

आता वेळ. आपल्या डोंबिवलीचं गणित लोकलवर चालतं हे तुला सांगायला नको. सीएसएमटीला फास्ट लोकलनेही तास-सव्वा तास, त्यामुळे फोर्टात साडेनऊला पोचायचं असेल तर आई साडेसातला बाळ तुझ्या हातात देऊन स्टेशनकडे पळणार, आणि संध्याकाळी येणार ती सव्वासात ते पावणेआठच्या मधे, म्हणजे झाले बारा तास. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलवाल्यांचं त्याहून वाईट, कुर्ल्याला उतरून पुढे रिक्षाची रांग. ऐरोली-ठाणेवाल्या आया मात्र सव्वाआठ-साडेआठला सोडून सातपर्यंत येऊ शकतात. आणि तिसरा गट असतो तो इथेच नोकरी करणाऱ्यांचा, शाळेतल्या शिक्षिका, बँकेच्या लोकल ब्रांचवाल्या, एमआयडीसीत जाणाऱ्या, त्यांना दहा तासांच्या वर कधीच लागत नाही. सगळ्यांना खूश करायला गेलीस तर सात ते नऊच ठेवावं लागेल, म्हणजे चौदा तास, म्हणजे तू पाच-साडेपाचला उठणार, आणि रात्री नवरा घरी येईल तेव्हा हॉलमध्ये कुणाचं तरी पोर आईची वाट बघत रडत असेल. हे एक महिना चालतं, त्यानंतर घरात भांडणं सुरू होतात.

त्यामुळे यातला एक गट ठरव आणि बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हण. तुझी मुलगी लहान आहे, सासूबाईंचं वय बघता (मदतीला तयार असणं वेगळं आणि रोज दहा तास पोरांमागे धावणं वेगळं, त्यांना हिशेबात धरूच नकोस, झाली मदत तर बोनस), मी तुझ्या जागी असते तर आठ ते सात ठेवलं असतं. ज्यांना सकाळी सव्वासातला सोडायचंय त्यांच्यासाठी जादा वेळ, वेगळा पैसा, आणि तोही जास्तीत जास्त दोन मुलांना. लेटकमर्सचं वेगळं सांगते खाली.

शनिवारचं आधीच पक्कं कर. राज्य सरकारच्या ऑफिसांना फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आयटीवाल्यांनाही शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे त्यांना शनिवार लागत नाही. बँकवाल्यांना 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, म्हणजे त्यांना पहिला-तिसरा लागतो, महिन्यात आला तर पाचवाही. दुकानं, दवाखाने, शाळा यातल्या आयांना सगळे शनिवार लागतात. तू जर सोमवार ते शुक्रवार म्हणालीस आणि दोन मुलांसाठी पहिला-तिसरा शनिवार उघडा ठेवलास तर त्या दिवशी कामाला ठेवलेल्या मावशीला यावं लागणार, वीज-गॅस लागणार आणि तुझी सुट्टी गेली ती गेलीच. तेव्हा शनिवार हवा असेल तर तो मूळ फीत मिसळू नकोस, दिवसाचा वेगळा रेट ठेव, आणि किमान तीन मुलं असली तरच उघडणार असं सांग.

मग येतात शाळेतली मुलं, आणि खरा फायदा तिथे आहे असं मला वाटतं, नव्या बायका इकडे बघतच नाहीत. एका जागेत दोन मुलं बसतात. दुपारच्या शाळेचं मूल सकाळी आठला येतं, जेवून साडेबाराच्या व्हॅनने जातं. सकाळच्या शाळेचं मूल व्हॅनकाका साडेबारा-एकला आणून सोडतात, ते संध्याकाळपर्यंत थांबतं. दोघांचे अर्ध्या दिवसाचे पैसे मिळून एका पूर्ण दिवसाच्या मुलापेक्षा जास्त होतात. फक्त बारा ते एक हा तास भयानक असतो, एकाला बूट घालायचे, एकाचे काढायचे, एकाला भरवायचं, तान्ही नेमकी तेव्हाच झोपेला आलेली. त्या तासाला दोन मोठी माणसं नुसती घरात असून भागत नाही, दोघींचे हात मोकळे पाहिजेत. अर्धवेळ मावशी ठेवायची असेल तर अकरा ते तीन ठेव, सकाळी नको.

मुलं किती हे टू बीएचकेमध्ये किती माणसं झोपू शकतात यावर ठरत नाही, किती हात आहेत यावर ठरतं. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं होतं, तुला आठवत असेल, सगळ्या चॅनेलवर होतं. त्यानंतर माझ्याकडे चौकशीला येणारे पहिला प्रश्न फीचा न विचारता कॅमेरा आहे का आणि मावशी किती आहेत हा विचारायला लागले, आणि बरोबरच आहे त्यांचं. तू, एक पूर्णवेळ मावशी आणि एक अर्धवेळ, एवढ्यात एका वेळेला आठ मुलं, त्यात दीड वर्षाखालची जास्तीत जास्त दोन. माझा हा नियम आहे आणि तो मी कुणाच्याही ओळखीवर मोडत नाही. पूर्वी बारा आठवड्यांची बाळंतपणाची रजा होती तेव्हा तीन महिन्यांची बाळं यायची, 2017 ला ती प्रायव्हेटमध्येही 26 आठवडे झाली तेव्हापासून साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर येतात, पण तरी बाळ ते बाळच, पूर्ण एक माणूस खातं ते.

आता पैसे. आकडे तुझ्या बाजूचे तू टाक, मी उदाहरण म्हणून धरते. पूर्णवेळ मावशी दहा हजार, अर्धवेळ पाच हजार. दूध-नाश्ता-फळं-खिमट डोक्यामागे नऊशे धरले तर आठ मुलांचे 7,200. गॅस, वीज, पाणी यांचा जास्तीचा भाग 3,500 (एसी लागतोच दुपारी, एप्रिल-मेमध्ये तर बिल बघून घाम फुटतो). फिनेल, हँडवॉश, टिश्यू, चादरी, तुटलेली खेळणी 2,000. इंटरनेट आणि कॅमेरा 800. हे झाले 28,500. आता यात तुझं मानधन घाल. इथेच सगळ्या जणी गप्प बसतात, उरतील ते माझे म्हणतात. असं नाही. तू नोकरी सोडलीस, तुझा वेळ फुकट नाहीये, 22,000 लिही. मावशीचा दिवाळी बोनस, भिंतीचा रंग, अचानकचा प्लंबर यासाठी महिन्याला 2,500 बाजूला. एकूण 53,000.

याला आठने भागलंस तर 6,625 येतात आणि तू म्हणशील अरे वा. पण आठही जागा बारा महिने कधीच भरलेल्या नसतात. कुणाची बदली होते, कुणाची आजी गावाहून राहायला येते, कुणी जूनला शाळेच्या डे-केअरला टाकतं. म्हणून साडेसहाने भाग. म्हणजे 8,150 च्या आसपास. हा एका जागेचा सरासरी भाव. हो, मुलं कमी असली तर खाण्याचा खर्चही थोडा कमी होतो, पण मावशीचा पगार, वीज, इंटरनेट काही कमी होत नाही, तेव्हा त्या बारीक फरकात जाऊ नकोस.

आता प्रत्येक मूल सारखं नसतं. दीड वर्षाखालच्या बाळाला मी दीड जागा धरते, म्हणजे बारा हजार. चालतं-बोलतं मूल पूर्ण दिवस, एक जागा, आठ-सव्वाआठ हजार. शाळेचं अर्ध्या दिवसाचं, जेवणासकट, पाच हजार. अर्ध्या दिवसाला अर्धी फी ठेवू नकोस, अर्धा दिवस आलं तरी जेवण पूर्णच जेवतं, आणि नेमकं गर्दीच्या तासात येतं-जातं. तासाचा हिशेब काढलास तर पूर्ण दिवसाच्या मुलाचे, महिन्याला बावीस दिवस आणि दिवसाला दहा तास धरून, ताशी 37 रुपये पडतात. एवढ्यात कुणी घरी येऊन सांभाळणार नाही, आणि पालकांना हे सांगायलाही हरकत नाही, रागाने नाही, सहज.

तू म्हणशील शेजारच्या काकू पाच हजार घेतात, माझ्याकडे आठ हजार कोण देईल. पहिलं, त्यांच्याकडे जाऊन बघ किती मुलं आहेत. पाच हजारांत जमत असेल तर बहुधा बारा-चौदा मुलं आणि एक मावशी असेल, किंवा डबा घरून आणायचा असेल, किंवा वेळ दहा ते सहाच असेल. तीच वस्तू नाहीये ती. दुसरं, तुझ्या बाजूला खरंच साडेसहा हजारांच्या वर कुणी जात नसेल तर फी कमी करायच्या आधी वेळ कमी कर, आठ ते साडेसहा कर, किंवा तान्ही घेऊच नको आणि शाळेची मुलं वाढव, किंवा दुपारचा डबा घरून मागव. काहीतरी काढून घेऊन मग भाव उतरव. नुसता उतरवलास तर तो पुन्हा कधीच वर जात नाही, आणि चार हजार ऐकून जे पालक येतात ते पुढे साडेतीन ऐकून जातातही.

उशिरा येणाऱ्यांचं आता. माझ्या मुलीने कॉलेजात असताना मला एका अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं होतं, इस्रायलमध्ये हैफा शहरातली दहा पाळणाघरं घेतली होती, त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की छोटासा दंड लावला. झालं काय की उशिरा येणारे कमी न होता जवळपास दुप्पट झाले, आणि नंतर दंड काढून टाकला तरी ते तसेच उशिरा येत राहिले. मला काही नवल वाटलं नाही. आधी उशीर झाला की आई धापा टाकत यायची, सॉरी काकू म्हणायची. पन्नास रुपये ठेवले की ती पन्नास देऊन निवांत भाजी घेऊन येते. म्हणून फुटकळ दंड ठेवू नकोस. ज्यांना रोजच उशीर होणार आहे त्यांना महिन्याचा जादा अर्धा तास विकत दे, सातशे-आठशे रुपयांत, आधीच भरायचा, म्हणजे तुलाही मावशीची सोय करता येते. बाकीच्यांना दहा मिनिटं माफ, पुढे फोन करून कळवलं असेल तर महिन्यातून दोनदा चालेल, त्याच्या वर झालं तर जादा वेळाच्या यादीत नाव घालायचं. आणि वेळ तुझ्या घड्याळात मोजायची, स्टेशनच्या इंडिकेटरवरच्या नाही.

लोकल बंद पडणं यात धरायचं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस झाला, गाड्या होत्या तिथे उभ्या राहिल्या, त्या रात्री माझ्याकडची मुलं माझ्याकडेच झोपली, आया दुसऱ्या दिवशी पायपीट करत आल्या. अशा दिवशी पैशाचा विषय काढायचा नसतो, पण तयारी मात्र नियमात लिहून ठेव, प्रत्येक मुलाचे दोन जास्तीचे कपडे, पावडरचं दूध, आणि जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर जो चालत येऊन मूल नेऊ शकेल. पावसाळ्यात एखाददोन वेळा लागतंच.

फी ही जागेची असते, हजेरीची नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं, पान लिहून द्यायचं. नाहीतर ठरलेले संवाद सुरू होतात, बाळ आठ दिवस आजारी होतं, आम्ही लग्नाला गेलो होतो, आणि सगळ्यात मोठा म्हणजे मे महिना, काकू आम्ही पूर्ण मे गावाला आहोत तर फी नाही ना. तू त्या महिन्यात मावशीला पगार देणार नाहीस का? देणारच. मी इथे थोडी सैल आहे, सलग एक पूर्ण महिना नसेल आणि महिनाभर आधी सांगितलं असेल तर साठ टक्के घेते आणि जागा ठेवते. त्यापेक्षा कमी दिवसांना काही सूट नाही. उलट मेमध्ये शाळेची मुलं पूर्ण दिवस असतात, त्यांचा मेचा रेट वेगळा ठरलेला पाहिजे, एप्रिलच्या पंचवीस तारखेला घासाघीस नको. दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच, दिवसाप्रमाणे जादा.

तुझ्या स्वतःच्या सुट्ट्या पण जूनमध्येच यादी करून दे. पाडवा, एक मे, पंधरा ऑगस्ट, दसरा, दिवाळीचे चार दिवस, सव्वीस जानेवारी आणि वर्षात एक आठवडा तुझा. त्यांच्या ऑफिसला पाडव्याची सुट्टी नसली तरी तुझी आहे. गणपतीचं खास सांगते, आपल्याकडच्या निम्म्या मावशा कोकणातल्या, त्या गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणार, पगारवाढ देऊन पण थांबत नाहीत आणि थांबवूही नये. त्यामुळे गणपतीचे पाच दिवस तरी बंद ठेव किंवा आधीच बदली बाई शोधून ठेव. एकटीने आठ मुलं सांभाळायला जाऊ नकोस, पाच दिवस का असेना.

पैसे आगाऊ, एक ते पाच तारखेच्या आत, यूपीआयने, आणि पावती दे. काही कंपन्या पाळणाघराची फी परत देतात, त्या आया बिल मागतातच, तेव्हा छापील पावतीपुस्तक आणि उद्यमची (छोट्या धंद्यांची सरकारी) नोंदणी असलेली बरी, ती ऑनलाइन फुकट होते. तुझ्यासारखी मोजकीच माणसं कामाला असली की दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीची वीस लाखांची मर्यादा तुझ्या आसपासही नाही. सोसायटीचं पत्र मात्र आधी घे, नंतर घ्यायला गेलीस की खालच्या मजल्यावरच्यांना अचानक आवाजाचा त्रास सुरू होतो.

एक महिन्याचं डिपॉझिट, सोडताना एक महिन्याची नोटीस, नोटीस दिली की डिपॉझिट शेवटच्या महिन्यात वळतं करायचं. पहिला आठवडा मुलाला रुळायला, पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत, पण फी पूर्ण महिन्याची, कारण त्या आठवड्यात ते मूल जेवढा वेळ असतं तेवढा वेळ तुझ्या कडेवरच असतं. वाढ दरवर्षी जूनपासून, आठ-दहा टक्के, आणि सांगायचं मार्चमध्ये. दर दोन-तीन वर्षांनी एकदम दोन हजार वाढवणाऱ्या असतात, त्यांच्याकडून मुलं जातात. दरवर्षी थोडं थोडं वाढलं की कुणी बोलत नाही. भावंड असेल तर दुसऱ्याला दहा टक्के सूट, पहिल्याला नाही.

ओळखीतल्यांचं सगळ्यात अवघड. तुझ्याच सोसायटीतली मैत्रीण येणार, म्हणणार अगं माझा फक्त दोन तास असेल, खेळेल तुझ्या मुलीशी. ते दोन तास पाच होतात आणि एक जागा कायमची जाते. तिला तासाचा रेट सांग, शंभर-सव्वाशे, आठातली एखादी जागा रिकामी असेल तरच. आणि दुसऱ्या पालकांसमोर एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा भाव कधीच ठेवू नकोस, खाली गेटपाशी सगळ्या जणी बोलतात एकमेकींशी. एखादीची खरंच अडचण असेल, नवऱ्याची नोकरी गेली वगैरे, तर फी तीच ठेव आणि दोन महिने थांबते म्हण.

तुझ्या मुलीची जागा पण मोज. ती आठातली एक आहे, नववी नाही. म्हणजे विकायला सात जागा, त्यामुळे वरचं गणित सातवर करून बघ. सात असतील तर सरासरी साडेपाच भरलेल्या धर, आकडा साडेनऊ हजारांच्या वर जातो, तेवढी फी तुझ्या बाजूला मिळणार नाही असं वाटलं तर पहिलं वर्ष अर्धवेळ मावशी न ठेवता एका वेळेला पाचच मुलं घे, तुझ्या मुलीसकट, आणि आठ ते साडेसहा चालव. मानधन कमी सुटेल, पण पहिल्या वर्षी तुला तुझ्या घराचा अंदाज येईल की दुपारची झोप कुठल्या खोलीत लागते, बाथरूम एक पुरतं का, सासूबाईंना किती झेपतं.

सुरू करायला जूनची वाट बघत बसू नकोस. चौकशा मार्चपासूनच येतात, शाळांच्या ॲडमिशन झालेल्या असतात, व्हॅनची सोय बघत असतात लोकं. तू फेब्रुवारीत दोन मुलांवर सुरू केलंस तर मार्चमध्ये बघायला येणाऱ्यांना चालू असलेलं पाळणाघर दिसतं. आणि बघायला दुपारी बारा ते एकमध्येच बोलव, त्या तासात तुझ्याकडे सगळं नीट चाललेलं दिसलं तर फीवर फार कुणी घासाघीस करत नाही.